घरच्या घरी कोल्ड ब्रू: कापडी पिशवी, स्टीलची जाळी आणि भरडीचं गणित

कोल्ड ब्रूसाठी पाणी तापवावं लागत नाही. जाडसर भरडलेली कॉफी गार पाण्यात १६ ते १८ तास भिजू द्यायची आणि मग गाळायची, एवढीच कृती. गरम पाणी जे काम चार मिनिटांत उरकतं, त्याला गार पाणी रात्र घालवतं. मात्र आंबटपणा आणि कडवटपणा देणारे बरेच घटक गार पाण्यात कमी उतरतात, त्यामुळे चव सौम्य आणि गोलसर येते. सुगंध गरम कॉफीइतका दरवळत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये.

कृती सोपी आहे, पण ती दोन ठिकाणी हमखास बिघडते: भरड बारीक झाली तर, आणि गाळणी नीट धुतली गेली नाही तर. कितीही महाग बरणी आणली तरी या दोन चुका झाकल्या जात नाहीत. म्हणून खाली भरड आणि गाळणी यांच्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे, बाकीचं थोडक्यात.

गाळणी कापडाची घ्यावी की स्टीलची

कागदी फिल्टरनं कोल्ड ब्रू गाळता येतो, पण ८० ग्रॅम भिजलेल्या कॉफीचा लगदा कागदावर पडला की तो तुंबतो. मग अर्धा अर्धा तास थेंब मोजत बसायचं, कागद बदलायचा, पुन्हा तेच. पुन्हा पुन्हा वापरता येणारी गाळणी इथे सोयीची, कारण कॉफी तिच्यातच भिजते आणि गाळणी उचलली की काम झालं.

आमचं मत स्पष्ट आहे: चव हवी असेल तर सुती कापड, रोजची सोय हवी असेल तर स्टीलची जाळी. कापडातून तेलकट अंश आणि बारीक गाळ कमी जातो, अर्क स्वच्छ दिसतो. जाळीतून दोन्ही थोडे उतरतात, त्यामुळे कॉफी जरा जड लागते आणि तळाशी गाळ बसतो. दूध घालून पिणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, काळी पिणाऱ्याला पहिल्याच घोटात कळतो.

चांगल्या सुती कापडासाठी कोल्हापूरकरांना लांब जावं लागत नाही. साधारण ३० किलोमीटरवर इचलकरंजीचे माग आहेत. कापड घ्यायचं ते बिनरंगाचं, शंभर टक्के सुती, मध्यम जाडीचं मांजरपाट. मलमल मिळाली तर तिचे दोन थर करावे लागतात. दुकानात उजेडासमोर धरून पाहा: धागे वेगळे दिसावेत, पण आरपार भोकं दिसू नयेत. पॉलिस्टर मिसळलेलं कापड नको, ते कॉफीचं तेल धरून ठेवतं आणि उकळून धुताना आकसून वाकडं होतं.

मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून सायझिंगमध्ये त्यांना स्टार्च चढवलेला असतो. ही खळ पूर्ण निघाली नाही तर अर्क पिठूळ येतो आणि पिशवी लवकर तुंबते. त्यासाठी कापड आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. दुसऱ्या दिवशी २ लिटर पाण्यात १ चमचा खायचा सोडा घालून २० मिनिटं उकळा, ते पाणी फेकून द्या, मग नुसत्या पाण्यात आणखी १० मिनिटं उकळा. खळ गेली का हे बघायचं असेल तर कापडाच्या कोपऱ्याचं एक छोटं कात्रण कापून त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. डाग निळा-काळा झाला तर स्टार्च अजून आहे, तपकिरी राहिला तर कापड तयार आहे. ते कात्रण मग फेकून द्यायचं. साबण आणि सुगंधी पावडर यांना या कापडाजवळ अजिबात येऊ देऊ नका, तो वास पुढे कित्येक वेळा कॉफीत उतरतो.

कापड धुऊन आकसल्यानंतरच कापा, आधी नाही. २८ सेंटिमीटर रुंद आणि २४ सेंटिमीटर लांब तुकडा घेऊन रुंदीत दुमडा, बाजू आणि तळ शिवा. साधारण १३ बाय २२ सेंटिमीटरची पिशवी होते, ती ८० ते १०० ग्रॅम कॉफीला पुरते. शिलाई दुहेरी घ्या आणि शिवणीची कड बाहेरच्या बाजूला ठेवा. कड आत राहिली तर तिच्यात चोथा अडकतो आणि तो कधीच पूर्ण निघत नाही. तोंडाला सुती नाडी पुरे.

स्टीलची घेणार असाल तर १ लिटरच्या रुंद तोंडाच्या बरणीत बसणारी लांबट नळीसारखी गाळणी बघा, पोलाद ३०४ दर्जाचं. विकणारे जाळीचा आकडा सांगतात तो एका इंचातल्या छिद्रांचा असतो: १०० क्रमांकाच्या जाळीचं छिद्र सुमारे १५० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २०० क्रमांकाचं सुमारे ७५ मायक्रॉनचं. आकडा मोठा तेवढी जाळी बारीक. कोल्ड ब्रूला १०० ते २०० मधली चालते. घेताना दोन गोष्टी तपासा. जाळी मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून उभा सांधा बघा, तिथे फट असेल तर सगळा बारीक गाळ तिथूनच बाहेर पडणार. आणि गाळणीचा तळसुद्धा जाळीचा आहे का ते बघा. तळाला बंद पत्रा असला की शेवटचा अर्क आतच अडकतो.

चहाची गाळणी या कामाला पुरत नाही, तिची छिद्रं फार मोठी. दाक्षिणात्य पद्धतीचा पितळी किंवा स्टीलचा कॉफी फिल्टरही नको. तो बारीक पुडीवरून गरम पाणी हळूहळू ठिबकण्यासाठी केलेला असतो, तासन्‌तास भिजवण्यासाठी नाही.

कॉफी कुठली

कागल ओलांडलं की कर्नाटक, आणि देशातली बहुतांश कॉफी तिथेच पिकते. त्यामुळे चिकमगळूर आणि कोडगूची कॉफी मिळवणं आपल्याला अवघड नाही. मध्यम किंवा मध्यम-गडद भाजणीची अरेबिका, म्हणजे कॉफीच्या दोन मुख्य जातींतली सौम्य जात, कोल्ड ब्रूला सर्वांत सोपी. हलक्या भाजणीची गार पाण्यात नीट उतरत नाही, पातळ आणि आंबूस लागते. अगदी काळपट, तेल सुटलेली भाजणी घेतली तर राखेसारखी चव येते. मॉन्सून्ड मलबार मिळाली तर जरूर करून बघा. पश्चिम किनाऱ्यावरच्या दमट वाऱ्यात मुरवलेले हे दाणे मुळातच कमी आंबट असतात. रोबस्टा ही दुसरी, कडक जात दुधाबरोबर चांगली उभी राहते, पण तिच्यात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, हे लक्षात ठेवून मिसळा.

चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजून दळलेलं मूळ) असलेली पूड घेऊ नका. चिकोरी पाण्यात झटकन विरघळते, अर्क घट्ट आणि काळा दिसतो, पण त्यात कॉफी कमी आणि चिकोरीच जास्त जाणवते. शिवाय ती पूड बारीक दळलेली असते, गाळणी तुंबवते. पाकिटावर ‘कॉफी-चिकोरी मिश्रण’ आणि टक्केवारी छापलेली असते, ती वाचून घ्या. झटपट विरघळणाऱ्या कॉफीचा इथे काही उपयोग नाही.

पाकिटावर भाजणीची तारीख असेल तेच घ्या. भाजल्यानंतर एक आठवड्यापासून पाच-सहा आठवड्यांपर्यंतचा काळ चांगला. एका वेळी २५० ग्रॅम पुरे, त्यात तीन घाणे निघतात. पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत उघडं पाकीट दोन दिवसांत सादळतं, म्हणून घट्ट झाकणाचा डबा हवाच.

भरड

कण जाड्या रव्यापेक्षा किंचित मोठे हवेत, लापशी रव्याच्या जवळपास. दुकानातून दळून घेत असाल तर ‘फ्रेंच प्रेससाठी, जाड’ एवढं सांगितलं की पुरतं. घरी हाताचं ग्राइंडर असेल तर शेवटच्या दोन-तीन जाड खुणांवर ठेवा.

मिक्सरवरही जमतं, पण सलग फिरवू नका. ४० ग्रॅम दाणे एका वेळी घ्या, एक-दोन सेकंदांचा झटका द्या, भांडं हलवा, पुन्हा झटका. सहा ते आठ झटक्यांत काम होतं. मिक्सरच्या भरडीत जाड तुकडे आणि पिठासारखी भुकटी दोन्ही असतात. म्हणून ती मैद्याच्या चाळणीनं चाळा आणि खाली पडलेली भुकटी बाजूला काढा. ती भुकटी सकाळच्या गरम कॉफीला वापरता येते. चाळून जेवढं वजन कमी झालं तेवढी भरड आणखी करून घ्या, वजन चाळल्यानंतरचं मोजायचं.

आपल्याकडे एक अडचण खास असते. घरातल्या मिक्सरच्या लहान भांड्यात कांदा-लसूण मसाला किंवा सुकं खोबरं वाटलेलं असतं, आणि तो वास भांड्याच्या रबरात आणि पात्याखाली बसलेला असतो. कॉफी वास फार पटकन ओढून घेते. शक्य असेल तर कॉफीसाठी वेगळं भांडं ठेवा. नसेल तर आधी मूठभर कोरडे तांदूळ दळून ते फेका, रबर काढून गरम पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडं करा, मगच दाणे घाला.

भरड बारीक झाली तर काय होतं? बारीक कणांतून कडवट आणि तुरट अंश जास्त उतरतो, जाळीची छिद्रं भरतात, आणि पिशवीच्या मध्यभागी चिखलासारखा गोळा तयार होतो ज्यात पाणी शिरतच नाही. म्हणजे बाहेरची कॉफी जास्त उतरलेली आणि आतली कोरडी. एकाच पेल्यात कडू आणि पाणचट दोन्ही लागतं ते यामुळे.

पाणी

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते उकळून पूर्ण गार करा. उकळल्यानं क्लोरीन निघून जातो आणि पाणी पिण्यासाठी सुरक्षितही होतं. कृतीत पुढे कुठेच उष्णता नसल्यामुळे पाणी सुरुवातीलाच निर्धोक असणं गरजेचं आहे. बोअरचं जड पाणी चव मंद करतं. आरओचं अगदी क्षारविरहित पाणी उलट पोकळ चव देतं. घरात आरओ असेल तर निम्मं आरओचं आणि निम्मं उकळून गार केलेलं नळाचं असं मिसळा.

प्रत्यक्ष कृती

१ लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, ८० ग्रॅम भरड, ६४० मिलिलिटर पाणी. म्हणजे एकास आठ. चमच्यानं मोजू नका, भाजणीप्रमाणे एका चमच्याचं वजन बरंच बदलतं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा वापरा, पाणीही ग्रॅममध्येच मोजता येतं.

बरणी आणि झाकण कडक गरम पाण्यानं धुऊन घ्या. कापडी पिशवी असेल तर ती साध्या पाण्यात भिजवून पिळा, कोरडं कापड पहिला अर्क स्वतःच पिऊन टाकतं. भरड आत घाला. स्टीलची गाळणी दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका, भिजल्यावर कॉफी फुगते.

आता आधी १५० मिलिलिटर पाणी अगदी हळू, गोल गोल फिरवत भरडीवर ओता आणि एक-दोन मिनिटं थांबा. ताज्या कॉफीतून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. हा वायू आत अडकला तर पाण्याला कणांत शिरू देत नाही. लांब दांड्याच्या चमच्यानं किंवा लाकडी काडीनं तळापर्यंत ढवळा, कोरडे गोळे फोडा. उरलेलं पाणी ओता. सगळी भरड पाण्याखाली गेली पाहिजे. पिशवी तरंगत असेल तर वर काचेची छोटी वाटी ठेवून दाबा. झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा. तासाभरानं एकदा बरणी हलकेच फिरवा, नंतर हात लावायची गरज नाही.

फ्रिजमध्ये १६ ते १८ तास. संध्याकाळी पाचला लावलं तर सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये गाळायचं. फ्रिजबाहेर १२ तासांत होतं, पण ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ठीक. एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमान ३० अंशांच्या वर जातं, तेव्हा बाहेर ठेवलेली बरणी आंबूस वास धरू शकते. वर्षभर फ्रिजच वापरणं शहाणपणाचं. २४ तासांच्या पुढे ठेवलं तर ताकद फारशी वाढत नाही, ओल्या लाकडासारखी चव मात्र येते.

फ्रिजमध्ये शेजारी तांबडा रस्सा किंवा चिरलेला कांदा असेल तर बरणीचं झाकण घट्टच हवं, नाहीतर त्याचा वास कॉफीत येतो.

गाळताना

स्टीलची गाळणी उचलून बरणीच्या तोंडावर आडवी न करता सरळ धरा, दहा मिनिटं निथळू द्या. कापडी पिशवी चक्का टांगतात तशी नाडीनं नळाला किंवा कपाटाच्या कडीला टांगा, खाली भांडं ठेवा, अर्धा तास सोडून द्या. पिळायचा मोह होतो, पण पिळू नका. दाबल्यावर बारीक गाळ कापडातून बाहेर येतो, आणि त्याबरोबर तुरटपणाही.

६४० मिलिलिटर पाण्यातून साधारण ४८० मिलिलिटर अर्क मिळतो. कॉफी आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे हा तुटीचा हिशेब बरोबर आहे. ४०० पेक्षा कमी आला तर निथळायला वेळ कमी मिळाला. जाळीनं गाळलेला अर्क दोन-तीन तास फ्रिजमध्ये स्थिर ठेवा आणि वरचा स्वच्छ भाग दुसऱ्या काचेच्या बाटलीत अलगद ओता, तळाचा बोटभर गढूळ भाग सोडून द्या.

हा अर्क ४-५ अंशांवर एक आठवडा चांगला राहतो. कोल्ड ब्रूची आम्लता कमी, पीएच साधारण ५ च्या आसपास, आणि तो कुठेही उकळलेला नसतो, म्हणून बंद बाटलीत बाहेर ठेवणं सुरक्षित नाही. पाणी मिसळलेला दोन-तीन दिवसांत संपवा, दूध घातलेला त्याच दिवशी.

चव बिघडली तर

कडू आणि तुरट लागत असेल तर पहिला संशय भरडीवर घ्या, दुसरा वेळेवर. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी भरड जाड करा, तरी कडू असेल तर दोन तास कमी करा. पाणचट लागत असेल तर चोथा उघडून बघा. मध्यभागी फिकट, कोरडे गोळे दिसले तर ढवळणं कमी पडलं. सगळा चोथा सारखा ओला असेल तर भरड फार जाड झाली, किंवा कॉफी शिळी आहे. आंबूस पण पातळ असेल तर भाजणी हलकी किंवा वेळ अपुरा. आंबूस, फेसाळ आणि वास बदललेला असेल तर अर्क खराब झाला आहे, तो चाखत न बसता ओतून टाका. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर दोष कॉफीचा नसून गाळणीचा आहे.

पिताना

काळी प्यायची तर १०० मिलिलिटर अर्क, ५० मिलिलिटर गार पाणी आणि चार-पाच बर्फाचे खडे. बर्फ वितळून उरलेलं पाणी पुरवतो, म्हणून आधीच जास्त पाणी घालू नका. उन्हाळ्यात थोडा अर्कच बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला तर पेला शेवटपर्यंत पातळ होत नाही.

दुधाबरोबर १०० मिलिलिटर अर्काला ८० मिलिलिटर दूध. कोल्हापुरात म्हशीचं घट्ट दूध सर्रास मिळतं आणि ते या कॉफीला फार छान बसतं. तापवून पूर्ण गार करा, साय काढून टाका. साय राहिली तर थंड पेल्यात तिचे तुकडे तरंगतात.

गार कॉफीत साखर विरघळत नाही, तळाशी बसते. त्याऐवजी गुळाचा पाक करा: २०० ग्रॅम गूळ, १०० मिलिलिटर पाणी, मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत, मग कापडातून गाळून घ्या, कारण गुळात उसाचे तंतू असतात. फ्रिजमध्ये पंधरा दिवस टिकतो. एका पेल्याला १० ते १५ मिलिलिटर पुरे. जरा गडद रंगाचा कोल्हापुरी गूळ मध्यम-गडद भाजणीशी उत्तम जुळतो. गुळानं दूध फाटेल ही भीती गरम दुधात खरी आहे. इथे पाक, दूध, अर्क सगळं गार असतं, त्यामुळे सहसा फाटत नाही.

अरेबिकाच्या या प्रमाणात १०० मिलिलिटर अर्कात अंदाजे १३० मिलिग्रॅम कॅफिन येतं. निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम ही साधारण मर्यादा सांगितली जाते, गरोदरपणात २००. चव सौम्य असल्यामुळे दोन-तीन पेले सहज जातात, तेव्हा हा आकडा लक्षात असू द्या.

गाळणीची धुलाई

चोथा काढल्यावर गाळणी लगेच धुवा. तासभर तशीच राहिली तर कॉफीचं तेल धाग्यांत आणि जाळीत सुकतं आणि पुढच्या घाण्यात खवटपणा देतं. स्टीलची जाळी बाहेरून आत अशा उलट्या धारेनं धुवा, मऊ ब्रशनं घासा. तारेची घासणी वापरू नका, छिद्रं वाकडी होतात. चार-पाच घाण्यांनंतर १ लिटर गरम पाण्यात १ मोठा चमचा खायचा सोडा घालून जाळी २० मिनिटं बुडवा. उजेडासमोर धरल्यावर सगळी छिद्रं सारखी चमकली पाहिजेत. झाकणाचं रबर वेगळं काढून धुवा, वास तिथेच लपतो.

कापडी पिशवी उलटी करून वाहत्या पाण्यात धुवा, आठवड्यातून एकदा साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. रंग तपकिरी होणारच, त्यानं काही बिघडत नाही. कापडातून एक ग्लास पाणी ओतल्यावर ते धारेनं जायला हवं. थेंब थेंब जाऊ लागलं आणि उकळूनही फरक पडला नाही तर नवी पिशवी शिवा.

उन्हाळ्यात पिशवी कडक उन्हात वाळवली की झालं. जून ते सप्टेंबर मात्र कोल्हापुरात कापड दोन-दोन दिवस दमट राहतं आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. त्या दिवसांत पिशवी वाळवायचा प्रयत्नच करू नका. धुऊन, उकळून, झाकणाच्या डब्यात स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा आणि पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठवडाभर वापर नसेल तर पिळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. काळे ठिपके एकदा आलेच तर ती पिशवी पुन्हा वापरू नका, उकळून डाग फिके झाले तरीही.

चोथा कुंड्यांत थेट पसरू नका, वाळल्यावर त्याचा पापुद्रा होऊन पाणी खाली जात नाही. ओल्या कचऱ्याच्या खताच्या डब्यात वाळलेल्या पानांबरोबर मिसळलात तर तो नीट कुजतो.